दिसते तेवढेच असते का?



मागच्या महिन्यात, नोव्हेंबरच्या अमावास्येच्या सुमारास, एका रात्री आपण चर्चच्या आवारातला मोठा दिवा दोन तास बंद ठेवला होता. दुसऱ्या दिवशी काहींनी मला विचारले, "फादर, लाइट गेली होती का?" लाइट गेली नव्हती. आपल्याच धर्मग्रामातला, पुण्यात शिकणारा एक तरुण सुट्टी काढून गावी आला होता. येताना त्याने मित्राची दुर्बीण आणि कॅमेरा आणला होता. त्याच्या हट्टापायी दिवा बंद केला. तरुण मंडळातली मुले, धर्मशिक्षणाच्या वर्गातली लहान पोरे आणि घरची माणसे ऊसतोडीला गेल्यामुळे मागे राहिलेल्या आज्या-आजोबा, अशी पंचवीस-तीस जण आवारात जमली होती.

आपल्याला खर्ड्याच्या आकाशाचे काही विशेष वाटत नाही, कारण ते रोजचेच आहे. पण तो तरुण सांगत होता, की पुण्यात त्याच्या खोलीच्या गच्चीवरून मोजके तारे दिसतात. इथे किल्ल्याच्या बाजूला पाहिले तर क्षितिजापर्यंत तारेच तारे. त्याने आम्हाला अर्धा तास नुसते अंधारात बसवले. मोबाइल खिशात ठेवायला लावले. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलचा एक झोत पडला की ती सगळी मेहनत वाया जाते, असे त्याचे म्हणणे.

मग त्याने डोक्यावरचा भाद्रपदा नक्षत्रांचा मोठा चौकोन दाखवला आणि त्याच्या एका कोपऱ्यापासून देवयानी तारकासमूहातल्या ताऱ्यांच्या ओळीवरून बोट फिरवत एका जागी आणले. म्हणाला, "इथे बघा, पण सरळ बघू नका. किंचित बाजूला बघा, म्हणजे दिसेल." आणि खरेच, नजर जरा तिरकी केल्यावर तिथे एक फिकट डाग दिसला. ती देवयानी दीर्घिका. आपली आकाशगंगा हा जसा अब्जावधी ताऱ्यांचा समूह आहे, तसाच पण आपल्याहून मोठा असा तो दुसरा समूह. त्याला भोवऱ्यासारख्या वळत गेलेल्या भुजा आहेत, म्हणून अशा दीर्घिकेला सर्पिल दीर्घिका म्हणतात. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. सूर्यापासून आपल्यापर्यंत यायला त्याला आठ मिनिटांच्या वर थोडा वेळ लागतो. देवयानीपासून यायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात. आपल्या गावाजवळची प्रसिद्ध लढाई १७९५ साली झाली. तेव्हा हा प्रकाश जवळजवळ दारात येऊन पोहोचला होता. तेव्हापासून आजवर त्याने जे अंतर कापले, ते त्याच्या एकूण वाटेच्या दहा हजारांत एक भागही भरत नाही.

दुर्बिणीपुढे रांग लागली. प्रत्येकाला मोठी आशा होती. एक जण म्हणाला, "धुकं दिसतंय." दुसरा म्हणाला, "काच पुसली का रे?" एका मुलीला कापसाचा पुंजका दिसला. भुजा कोणालाच दिसल्या नाहीत. मलाही नाही.

इकडे दुर्बीण चालू असताना त्याने दुसऱ्या तिवईवर कॅमेरा लावून ठेवला होता. पृथ्वी फिरते त्या वेगाने तो कॅमेरा उलट दिशेला हळूहळू वळत होता, म्हणजे तारे फोटोत रेघोट्या होत नाहीत. एका मिनिटाचा एक, असे साठ फोटो त्याने घेतले. ते लॅपटॉपवर एकमेकांवर रचले आणि पडदा आमच्याकडे वळवला. मधला पिवळसर उजेड, त्याला वेढून गेलेल्या भुजा, भुजांमधून धुळीच्या काळ्या पट्ट्या, कडेला निळसर झाक. सगळे गप्प झाले.

तेव्हा एका आजींनी मला विचारले, "फादर, ह्यातलं खरं कंचं? मला नळीतून दिसलं ते, का ह्या पोराच्या मशिनीतलं?"

मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, त्याची पदवी माझ्याजवळ आहे, पण आजींना लगेच उत्तर देता आले नाही. आज आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी ते उत्तर लिहून देत आहे.

आधी त्या मशिनीचे पाहू. आपला डोळा आलेला प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या अगदी लहान भागापुरते तो पाहतो, ते सोडून देतो आणि नव्याने पाहतो. म्हणून एक तास टक लावून बसलो तरी अंधूक वस्तू अधिक उजळ दिसत नाही. शिवाय कमी उजेडात डोळ्यांना रंग कळत नाहीत. कॅमेरा मात्र मिनिटभर झाकण उघडे ठेवून जे येईल ते गोळा करतो. एकाच फोटोत दीर्घिकेचा उजेड असतो आणि कॅमेऱ्याची स्वतःची खरखरही असते. पण साठ फोटो एकावर एक ठेवले, की दीर्घिकेचा उजेड प्रत्येकात त्याच जागी असल्यामुळे पक्का होतो. खरखर दर वेळी वेगवेगळ्या जागी पडते, म्हणून ती विरत जाते. चार फोटोंनी चित्र दुप्पट स्वच्छ होते, शंभर फोटोंनी दहापट.

ही गोष्ट माणसाला कळायला फार वर्षे लागली. देवयानीचा तो डाग हजार वर्षांपूर्वीच्या अरबी ज्योतिष्यांनाही माहीत होता. दुर्बिणीने पाहूनही तो डागच राहिला. १८८८ साली इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्स या हौशी निरीक्षकाने तासन्‌तास काच उघडी ठेवून त्याचा फोटो घेतला, तेव्हा त्यात वळणे दिसली. त्यानंतर दहा वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ रोजी, आपल्यापासून फार लांब नसलेल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरला खग्रास सूर्यग्रहण दिसले. पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला तिथे उपकरणे घेऊन आले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे लोकही तिथे तळ देऊन होते. त्याच लिक वेधशाळेत पुढच्या वर्षी जेम्स कीलर यांनी मोठ्या दुर्बिणीतून लांब वेळेचे फोटो घेतले आणि आकाशात असे सर्पिल डाग लाखाच्या वर असावेत, असा अंदाज केला.

पण एक गंमत लक्षात घ्या. रॉबर्ट्स यांना आकार बरोबर दिसला, अर्थ मात्र चुकला. आपल्या सूर्यमालेसारखी एक नवी सूर्यमाला तिथे घडत आहे, असे त्यांना वाटले. तो डाग म्हणजे दूरवरचा ताऱ्यांचा स्वतंत्र समूह आहे, हे कळायला १९२३ साल उजाडावे लागले. एडविन हबल यांनी अशाच फोटोंच्या काचा एकमेकींशी ताडून त्यात कमी-जास्त तेजाळणारा एक तारा शोधला आणि त्यावरून अंतर काढले. म्हणजे फोटो मिळाल्यावरही पस्तीस वर्षे पाहत राहावे लागले.

तर आजी, तुम्हाला दिसले ते खोटे नव्हते. तिथे खरोखर उजेड आहे आणि तो तुमच्या डोळ्यांपर्यंत आला. सेंट थॉमस अक्विनास यांच्या विचाराच्या आधाराने आम्हाला शिकवले होते, की वस्तू जशी आहे तशी ती बुद्धीला कळली म्हणजे ते सत्य. डोळा आपल्यापुरते इमानाने सांगतो. चूक होते ती निवाड्यात. "मला पुंजका दिसला" हे खरे. "तिथे पुंजकाच आहे" हा निवाडा, आणि तो चुकीचा. या दोन वाक्यांमधले अंतर आपण रोज न पाहता ओलांडतो. दीर्घिकेच्या बाबतीत ओलांडले तर कोणाचे काही बिघडत नाही. माणसाच्या बाबतीत बिघडते.

इथे मला स्वतःचा एक दोष सांगायचा आहे. ज्यांच्याविषयी सांगतो त्यांची परवानगी घेतली आहे. त्यांचे नाव लिहीत नाही आणि तुम्हीही शोधू नये.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या मे महिन्यात, आपल्या धर्मग्रामातले एक गृहस्थ मिस्सा संपल्यावर आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. महागुरुस्वामी दृढीकरण संस्कारासाठी येणार होते आणि मुलीचे नाव यादीत घ्यावे, अशी त्यांची विनंती होती. मुलगी जानेवारीपासून एकाही वर्गाला आली नव्हती. मी चारचौघांत त्यांना म्हणालो, "सहा महिने देव आठवला नाही आणि आता संस्कार पाहिजे का? तुम्हाला कारखाना देवापेक्षा मोठा झाला." त्यांनी मान खाली घातली, "होय फादर" म्हणाले आणि मुलीला घेऊन गेले. माझ्या हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे रिकाम्या चौकटी होत्या. त्या खऱ्या होत्या. मी जे पाहिले त्यात काहीही खोटे नव्हते.

यंदाच्या फेब्रुवारीत मी दोन सिस्टर आणि कॅटेकिस्ट यांच्यासोबत ऊसतोड कामगारांच्या एका तळावर गेलो. आपली बरीच कुटुंबे तिथे कोप्या घालून राहिली होती. तिथे हे गृहस्थ भेटले. तुम्हाला सांगायला नको, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडीची. त्यांच्या पत्नीच्या ऑपरेशनसाठी त्यांनी आदल्या वर्षीच उचल घेतली होती. ऑपरेशननंतर त्या बाईंना वाकता येईना. उचल तर फेडायची होती. मग आईच्या जागी मुलगी फडात उभी राहिली. पहाटे तीनला उठून मोळ्या बांधणारी ती मुलगी माझ्या पुस्तकात 'गैरहजर' होती.

मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "फादर, तुम्हाला इथून तिथून कसं दिसणार?" त्यांनी मला मोकळे करण्यासाठी ते म्हटले, पण ते वाक्य मला टोचत राहिले. कसे दिसणार? दोन घरे पलीकडे जाऊन विचारले असते तर दिसले असते. मी तीन मिनिटे पाहिले आणि निकाल दिला.

त्या रात्री फोटो पाहताना मला हे सर्व आठवले, आणि आणखी एका गोष्टीमुळे अधिकच आठवले. त्या फोटोत देवयानीच्या चकतीला चिकटून एक लहान गोल ठिपका आहे. व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये फादर रिचर्ड डिसोझा या आपल्या शेजारच्या गोव्याच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी कार्यभार घेतला. २०१८ साली त्यांनी आणि एरिक बेल या सहकाऱ्यांनी देवयानीविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी देवयानीने एक मोठी दीर्घिका गिळली आणि तो लहान ठिपका म्हणजे तिचा उरलेला गाभा असावा. त्याचा माग कुठे लागला, तर दीर्घिकेच्या अगदी बाहेरच्या, जिथे सहसा कोणी पाहत नाही अशा फिकट ताऱ्यांच्या वलयात. मधला झगमगाट पाहून काही कळत नाही. किती शांत आणि देखणी दिसते ती दीर्घिका! आपल्या बाकांवर बसणाऱ्या कितीतरी माणसांविषयी मला आता असेच वाटते.

याच नोव्हेंबरमध्ये पुण्याहून आणखी एक बातमी आली. तिथल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांमधून एक अतिदूरची सर्पिल दीर्घिका शोधली आणि तिला 'अलकनंदा' हे नाव दिले. विश्वाचे वय आज सुमारे १३.८ अब्ज वर्षे आहे. ते अवघे दीड अब्ज वर्षांचे होते, त्या काळची ही दीर्घिका. इतक्या कोवळ्या वयात दोन नेटक्या भुजा असलेली दीर्घिका घडलेली असेल, अशी जाणकारांची अपेक्षा नव्हती. 'एवढ्यात यांच्याकडून काय होणार' हा निवाडा तिथेही मागे घ्यावा लागत आहे.

आता कोणी म्हणेल, "फादर, मग कोणाला चूक म्हणायचेच नाही का? उचल देऊन हिशेबात फसवणाऱ्यालाही आम्ही तासभर न्याहाळत बसायचे?" हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की जास्त वेळ पाहणे म्हणजे पांघरूण घालणे नव्हे. जिथे प्रकाश नाही तिथे दहा तास कॅमेरा लावला तरी दीर्घिका उगवत नाही. नीट पाहिल्यावर कधी कधी दोष अधिकच पक्का होतो, आणि मग तो स्पष्ट बोलून दाखवलाच पाहिजे. एखाद्या घरात बाईला मारहाण होत असेल तर आधी दार ठोठवायचे, विचार नंतर. पण हात पुढे करायला घाई चालते, शिक्का मारायला चालत नाही.

दुसरा धोका उलट बाजूचा आहे. तो तरुण सांगत होता, की संगणकावर रंग वाढवता येतात, इतके की नसलेले सौंदर्यही फोटोत आणता येते. आपल्या भावकीतल्या, आपल्या गटातल्या माणसाचे चित्र आपण असेच रंगवतो, आणि परक्याचे चित्र काळे करतो. दोन्हीकडे खोटेपणा तोच.

मग इमानदार चित्र कसे काढायचे? त्या रात्रीची एक गोष्ट सांगून थांबतो. सगळे घरी निघाले तेव्हा तो मुलगा कॅमेऱ्याला टोपण लावून फोटो घेत होता. मला वाटले विसरला. मी म्हटले, "अरे, टोपण काढ." तो हसला. "मुद्दाम लावलंय फादर. आता आकाशातलं काहीच आत येणार नाही. तरी ह्या फोटोत जे ठिपके उमटतील ते कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष. ते ओळखून आकाशाच्या फोटोतून वजा करायचे. नाहीतर आपल्याच कॅमेऱ्याचा डाग आपण तारा समजून बसतो."

बंधुभगिनींनो, मी वीस वर्षे आत्मपरीक्षणावर प्रवचने देत आलो आहे, पण त्याचा असा अर्थ मला कोणी सांगितला नव्हता. दुसऱ्याकडे पाहण्याआधी टोपण लावून बसायचे. बाहेरचे कोणी समोर नसतानाही माझ्या आत काय उमटते? माझा राग, माझा मान, हजेरीपुस्तकावरचा माझा जीव, जातीपातीचे जुने डाग. ते आधी मोजायचे आणि मग जे दिसले त्यातून वजा करायचे. मे महिन्यातल्या त्या दुपारी मी एवढे केले असते, तर त्या मुलीचे वडील मान खाली घालून गेले नसते.

आजच्या पहिल्या वाचनात यशया संदेष्टा येणाऱ्या राजाविषयी सांगतो. तो नुसते डोळ्यांपुढे आलेले पाहून न्याय करणार नाही, ही त्या राजाची एक खूण आहे. आपण त्याच राजाची वाट पाहतो आहोत, म्हणून आगमनकाळात हे शिकायला हवे. आकाशाच्या फोटोवरून देव सिद्ध होतो, असे मी तुम्हाला सांगणार नाही. विश्व प्रसरण पावते हा विचार मांडणारे बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र स्वतः धर्मगुरू होते, आणि आपला सिद्धांत श्रद्धेचा पुरावा म्हणून वापरला जाऊ नये, याबद्दल ते फार दक्ष होते. मीही तेवढाच दक्ष राहतो. दीर्घिकेने मला पाहायचे कसे ते शिकवले. कोणाकडे पाहायचे ते आपल्या धर्मग्रामाच्या यादीतच लिहिलेले आहे.

त्या मुलीची दृढीकरणाची तयारी आता सिस्टर तळावर जाऊन करून घेत आहेत. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आपण पुन्हा तिथे जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी कॅटेकिस्टकडे नाव द्यावे, आणि घरात जादा स्वेटर किंवा चादरी असतील तर धुऊन आणून द्याव्यात.

नाताळच्या आधीच्या शनिवारी, २० डिसेंबरला, आकाशात चंद्र नसेल. त्या रात्री आठ ते दहा आवारातला दिवा पुन्हा बंद राहील. लाइट गेली असे समजू नये. आजी, तुम्ही नक्की या. तुमच्यासाठी खुर्ची ठेवतो.

तुमचा,
धर्मगुरू